योस्तचे बुडबुडे

१

बोट हाकण्यात काही विशेष नाही, ते काम इंजिन करतं. माझं खरं काम बोट थांबल्यावर सुरू होतं. पाणबुडे पाठीवर टाक्या बांधून एकामागून एक धबाधब पाण्यात पडले, की मी कॉफीचा मग घेऊन टपावर चढते आणि त्यांचे बुडबुडे बघत बसते. खाली कोण कुठे आहे, कोण घाबरलंय, कोण शहाणपणा करून भलतीकडे निघालंय, ते सगळं वर दिसतं. नवशिक्यांचे बुडबुडे म्हणजे भाताला आलेली उकळी, थांबायचं नाव नाही. मुरलेल्या माणसाचे सावकाश येतात. आणि आमच्या योस्तचे? एक मोठा गोल, मागून बारक्यांची पलटण, आणि मग इतका वेळ काहीच नाही की नवख्याला वाटावं, गेला हा.

"हा खाली जाऊन झोपतो," असं मी सगळ्यांना सांगायची.

योस्त हॉलंडचा. उटिलावर पंधरवड्याच्या सुट्टीला म्हणून आला, त्याला आता अकरा वर्षं झाली. आमच्या बेटावर अशा माणसांची काही कमतरता नाही. कोणाचं विमान चुकतं, कोणाचं मन. योस्तचं मन माझ्या मुलीपाशी, मारिसेलपाशी चुकलं. इतका उंच, की आमच्या घराच्या प्रत्येक चौकटीवर त्याच्या कपाळाचा तेलकट डाग आहे. बुडी मारायला शिकवतो, मोठ्याने हसतो, आणि समोर ठेवाल ते खातो. जावयात आणखी काय बघायचं? लग्न महिन्याअखेरीस ठरलं होतं.

त्या दिवशी आम्ही उत्तरेच्या बाजूला होतो. बुडी झाली, सगळे वर आले, टाक्या उतरल्या. मी अननस कापून वाटला. मी बोयाचा दोर सोडायला वाकले, तर बोटीच्या मागे पाण्यात एक मोठा गोल फुटला. त्याच्या मागून बारक्यांची पलटण. मग बराच वेळ काही नाही. मग परत एक मोठा गोल.

"योस्त, खाली कोण राहिलंय?"

"कोणी नाही, मिस टेओ. सगळे वर आहेत."

तरी त्याने एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. प्रत्येकाने अननसाने भरल्या तोंडाने ओ दिली.

"मग ते काय आहे?"

योस्तने बघितलं. डोळ्यांवर काच चढवली, बोटीच्या मागच्या फळीवर पालथा पडला आणि डोकं पाण्यात घातलं. बाहेर काढलं तेव्हा हसतच होता.

"खाली कोणी नाही."

"आणि बुडबुडे?"

"बुडबुडे आहेत." त्याने नाक शिंकरलं. "आपलीच हवा असणार. कपारीत अडकते, मग हळूहळू निसटत राहते."

हे खरं आहे. असं होतं, मी पाहिलंय. मी दोर सोडला आणि इंजिन सुरू केलं. पण कपारीतून निसटणारी हवा अशी थांबून थांबून येत नाही. तिला काही लय नसते.

२

दुसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेला गेलो. तिथे खाली नुसती पांढरी वाळू, कपार औषधालाही नाही. सोबत वर्लिन होता. वर्लिन म्हणजे माझा थोरला दीर, बेटावरच्या जुन्या गोऱ्या बॉडन घराण्यातला. गोरा म्हणावा तर ऊन खाऊन खाऊन शिजलेल्या खेकड्यासारखा लाल. मी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गारिफुना जमातीची, काळी कुळकुळीत. माझं याच्या धाकट्या भावाशी लग्न झालं तेव्हा हा वर्षभर माझ्याशी बोलला नव्हता. आता नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, आणि वर्लिन रोज सकाळी नारळाचा पाव खायला माझ्याच दारात उभा असतो. दोर, नांगर, टाक्या तो बघतो. एका कानाने ऐकू येत नाही. कोणत्या, ते समोर कोण बोलतंय त्यावर ठरतं.

सगळे वर आल्यावर बोटीच्या मागे पुन्हा तेच. मोठा गोल, पलटण, शांतता.

"वर्लिन, ते बघ."

त्याने बघितलं. "कासव पादलं."

"कासव असं मोजूनमापून पादतं?"

"म्हातारं असेल. वयाबरोबर शिस्त येते."

टाक्यांवर बसलेले पोरगे खदखदून हसले, योस्त सर्वांत मोठ्याने. मीही हसले. पण वर्लिनने पाण्याकडे पाठ केली होती आणि नुकताच गुंडाळून ठेवलेला दोर सोडून तो पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला लागला होता. मला ते आवडलं नाही.

दुपारी आम्ही घरी आलो. आमचं घर खाडीत खांबांवर उभं आहे. मागच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की लाकडी धक्का, आणि धक्क्याखाली जेमतेम गळ्याएवढं पाणी. वारा नसेल तेव्हा तळाशी पडलेलं बाटलीचं झाकणसुद्धा दिसतं. योस्त धक्क्याच्या कडेला बसून गोड्या पाण्याने सामान धूत होता आणि बेसूर गात होता. मी कपडे वाळत घालत होते.

त्याच्या पायाखालच्या पाण्यात एक मोठा गोल फुटला.

मी खाली बघितलं. तळ दिसत होता. वाळू, झाकण, एक लहानसा खेकडा. बुडबुडे वाळूतून येत नव्हते. पाण्याच्या मध्यावर, जिथे काहीही नव्हतं तिथे, ते तयार होत होते. काही नाही, काही नाही, आणि मग एकदम बुडबुडा.

मी ओला टॉवेल तसाच हातात धरून उभी राहिले. योस्तने गाणं थांबवून विचारलं, "काय झालं, सासूबाई? माझा आवाज इतका वाईट आहे?"

"आहेच," मी म्हटलं.

३

लग्नघर म्हणजे काय ते कोणाला सांगायला नको. माझ्या बहिणी पलीकडच्या किनाऱ्यावरून फेरीने आल्या, सोबत कच्च्या केळ्यांचे घड आणि केळी कुटायचं लाकडी उखळ. वर्लिनच्या बाजूच्या गोऱ्या आत्या ओव्हन सांभाळायला आल्या. मारिसेलच्या मैत्रिणी, सगळ्या स्पॅनिश बोलणाऱ्या, त्यांनी चुलीचा एक कोपरा बळकावून बालेआदा, म्हणजे राजमा भरून दुमडलेल्या रोट्या, भाजायचा सपाटा लावला. आणि हॉलंडहून योस्तची आई आली, मिस हेन्नी. बारीक चणीची, निळ्या डोळ्यांची, एका पिशवीत बैलगाडीच्या चाकाएवढं चीज घेऊन. कोणाचीच भाषा तिला येत नव्हती. आल्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कांदे कापत होती आणि सगळ्यांपेक्षा जास्त गप्पा मारत होती.

"लग्नाला हुदुतू नाही तर ते लग्न कसलं?" माझी बहीण.

"लग्नात कुटलेली केळी? पाद्र्यासकट झोपतील सगळे," आत्याबाई.

"चीज घाला त्यात," मारिसेल म्हणाली, "म्हणजे भांडण मिटेल आणि कोणीच खाणार नाही."

योस्त मधोमध बसून सगळ्यांच्या पातेल्यांतलं चाखत होता. मी त्याच्या मागे उभी राहून नारळ खवत होते. आमच्या स्वयंपाकघराच्या फळ्यांना बोटभर फटी आहेत, खालचं पाणी चमकताना दिसतं. बाया क्षणभर गप्प झाल्या, तेव्हा मला खालून आवाज आला. गुडुप. आणि मागून बारीक बारीक.

मी खवणी थांबवली.

योस्तची पाठ माझ्यासमोर होती. ती फुगायची तेव्हा खाली शांत. ती खाली बसायची तेव्हा गुडुप. फुगली, शांत. बसली, गुडुप. मी स्वतःला समजावलं की मनात एखादं गाणं असलं की घड्याळही त्याच तालावर टिकटिक करतं. मग मिस हेन्नीने कांद्याने भरल्या डोळ्यांनी काहीतरी विनोद केला, योस्त खो खो हसत सुटला, आणि फळ्यांखाली पाणी एकदम खळखळून उकळलं.

"भरती आली वाटतं," आत्याबाई म्हणाल्या.

आमच्याकडे भरती वीतभरही येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. पण ओव्हनमध्ये पाव होता.

४

मला खात्री करून घ्यायची होती. खरं तर खात्री खोटी ठरावी एवढंच हवं होतं.

रविवारी चर्चनंतर सगळे धक्क्यावर लिंबूपाणी पीत बसले होते. मी म्हटलं, "पाणबुडे मोठे बढाया मारतात. बघू, कोण जास्त वेळ श्वास धरतं."

लगेच पैज लागली. गाल फुगवून, नाकं दाबून सगळे बसले. मारिसेल पहिली हसली आणि बाद झाली. पोरं एकेक करून फुसकन् सुटली. योस्त मांडी घालून बसला होता, डोळे मिटून, एखाद्या साधूसारखा.

त्याच्या खालचं पाणी काचेसारखं सपाट होतं.

लोक टाळ्या वाजवायला लागले. शेवटी योस्तने हात वर केले आणि भस्सकन् श्वास सोडला. त्याच क्षणी खाली भलामोठा गोल फुटला. सगळे ओरडत होते, कोणाचं लक्ष गेलं नाही. मी मात्र वर्लिनकडे बघितलं. तो योस्तकडे बघत नव्हता, फळ्यांच्या फटीत बघत होता.

तोवर मला तसं भय वाटलं नव्हतं, खरं सांगते. काहीतरी त्याच्या मागे मागे येत होतं, त्याचा श्वास वेडावून दाखवत होतं, एवढंच. कुत्री येतात, पोरं येतात, तसं तेही आलं असेल. समुद्राजवळ जन्म काढला की माणूस प्रत्येक गोष्टीला कारण मागत नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, योस्त मागच्या ओसरीवर दोरीच्या झोळीत झोपला होता. मी बाजूलाच मासे साफ करत होते. खालचे गुडुप गुडुप आता माझ्या कानांच्या सवयीचे झाले होते, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखे. आणि ते थांबले.

आधी ते थांबले, हे मी शपथेवर सांगते. मी मान वर केली. योस्तची छाती वर गेली होती, आणि तिथेच राहिली होती. खाली येईना. चेहरा शांत, ओठांवर हसू. मी वाट बघितली. एक माशी त्याच्या ओठावर बसली, चालली, उडून गेली.

"योस्त!"

मी त्याला गदागदा हलवलं. तो लाकडासारखा हलला. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी वळून जमिनीवर धाडधाड पाय आपटले, जसं खालच्या मजल्यावरच्या भांडखोर भाडेकरूला आपण बजावतो. खालून गुडुप आलं. योस्तने श्वास सोडला आणि डोळे उघडले.

"काय, जेवायची वेळ झाली?"

"तुला काय होत होतं?"

"काही नाही. मस्त स्वप्न पडलं होतं." तो आळस देत म्हणाला. "मी खाली खाली जात होतो. कान दुखत नव्हते, काही नाही. कोणीतरी पुढे होतं, रस्ता ओळखीचा असल्यासारखं."

आधी ते त्याच्यामागे होतं. आता तो त्याच्यामागे होता. मी हातातला मासा धुवायला वाकले, पण पाण्यात हात घालवेना. तो मी तसाच तळला.

५

मी त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, कान तपासले, रक्तदाब घेतला. "घोडा आहे हा," ते म्हणाले. "लग्नाआधी अशी माणसं श्वास धरूनच असतात, मिस टेओ. लग्नानंतर सोडतात." योस्तला ते इतकं आवडलं की वाटेत भेटेल त्याला त्याने ते ऐकवलं.

संध्याकाळच्या आत मी मारिसेलला मागच्या खोलीत घेतलं आणि सगळं सांगितलं. ती हसली. हसणारच. या पोरीला चार भाषा येतात आणि चारही भाषांत ती आधी हसते.

"आई, तुला जावई नको असेल तर सरळ सांग ना."

"जमिनीला कान लाव."

"माझे केस आत्ताच धुतलेत."

"लाव म्हणते ना!"

ती डोळे फिरवत खाली वाकली आणि फळीवर कान टेकला. पलीकडच्या खोलीत योस्त वर्लिनला डॉमिनो खेळताना लबाडी केल्याबद्दल झापत होता. आम्हाला त्याचं एकेक वाक्य ऐकू येत होतं, आणि वाक्यांच्या मधला श्वासही. मारिसेलचं हसू जाताना मी पाहिलं. ती उठली, स्कर्ट झटकला, आणि थेट पलीकडे जाऊन योस्तच्या मांडीवर बसली. दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरलं.

"अगं, माझी बाजी चाललीय," योस्त म्हणाला.

"चालू दे."

मी वर्लिनला बाहेर बोलावलं. "तुला काय माहीत आहे ते बोल."

"मला काही माहीत नाही."

"तू पाण्याकडे पाठ करतोस."

तो बराच वेळ आपल्या टोपीची कड चाचपत राहिला. "टेओ, माझ्या वयाला काही गोष्टींना नाव न देण्यात सोय असते. नाव दिलं की त्या हाकेला येतात." मग म्हणाला, "पोराला पाण्यापासून दूर ठेव. लग्न उरकू दे. कोणाचा तरी हात धरलेल्या माणसाला नेणं अवघड असतं, एवढंच मला वाटतं. आणि तेही मला वाटतंच, माहीत नाही."

लग्न आमच्या धक्क्यावर व्हायचं होतं. मी जाहीर केलं की धक्का कुजलाय, लग्न टेकडीवरच्या चर्चच्या हॉलमध्ये होईल. काय गहजब झाला! आत्याबाईंनी फुलांच्या माळा धक्क्याच्या मापाने केल्या होत्या. माझ्या बहिणींना उखळ टेकडीवर चढवायचं होतं. योस्त लहान मुलासारखा रुसला.

"अकरा वर्षं मी याच धक्क्यावरून पाण्यात उडी मारतोय, मिस टेओ. लग्नही इथेच करायचं होतं."

"लग्न हीच उडी आहे," वर्लिन म्हणाला. "तिला पाणी लागत नाही."

मारिसेलने नुसतं "टेकडीवर" म्हटलं, आणि विषय संपला. तेवढे दिवस तिने त्याला पाण्यात जाऊ दिलं नाही. कधी शिंप्याकडे भाड्याचा सूट घालून बघायला, कधी पाहुण्यांच्या खाटा उचलायला, कधी पाद्र्याकडे. रात्री तो टेकडीवर मित्राकडे झोपायचा. लग्नाआधी नवऱ्याने नवरीच्या छताखाली झोपू नये, अशी आमची जुनी रीत असल्याचं तिने त्याला सांगितलं. अशी कुठलीही रीत आमच्यात नाही.

६

लग्न सुरेख झालं. पाद्री दोन भाषांत बोलला आणि दोन्हींत लांबला. मिस हेन्नी रडली, तिला बघून माझ्या बहिणी रडल्या, आणि मग कोण जास्त रडतं अशी चुरसच लागली. ढोल आले. माझ्या भाच्यांनी असा ताल धरला की गोऱ्या आत्याबाईंच्या टाचा आपोआप उचलल्या जायला लागल्या. योस्त करड्या सुटात घामाघूम होऊन नाचत होता, एखादी लांबलचक घडीची खुर्ची बिघडावी तसा. मी जेवणाच्या टेबलाशी उभी होते. कितीतरी दिवसांनी माझे खांदे सैल झाले होते.

मी भात वाढायला वळले. परत बघितलं तर मारिसेल पाद्र्याबरोबर नाचत होती.

"योस्त कुठे आहे?"

"नवे बूट चावत होते," तिची मैत्रीण म्हणाली. "अकरा वर्षं अनवाणी फिरलेला माणूस तो. पाय पाण्यात घालून येतो म्हणाला, दोन मिनिटांत."

माझ्या हातातला डाव टेबलावर पडला. मी पळत सुटले. माझ्यामागे मारिसेल, पांढरा घोळ दोन्ही हातांत धरून. तिच्यामागे वर्लिन. आता आमच्या बेटावर लग्नात कोणी पळालं की कारण विचारायला कोणी थांबत नाही. सगळं वऱ्हाड मागे लागलं, ढोलवाले ढोल वाजवत, पोरं शिट्ट्या घालत. मिस हेन्नी वऱ्हाडात सर्वांत पुढे, शंकाच नको, तिला वाटलं हाही आमचा एक विधी आहे. भर उन्हात टेकडीवरून खाली, बेकरीवरून, गॅरेजवरून, आमच्या घरातून आरपार, धक्क्यावर.

योस्त धक्क्याच्या टोकाला बसला होता. बूट शेजारी नीट जोडून ठेवलेले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्यात. तोच हसरा चेहरा. छाती वर गेलेली, तिथेच थांबलेली. खाली पाण्यावर एकही बुडबुडा नव्हता.

मारिसेलने त्याला मिठी मारली. वर्लिनने आणि मी दोन काखांत हात घालून ओढलं. हलेना. मी बोटीचे नांगर उपसलेत, मला ओढता येतं. पण हे जमिनीत रुजलेलं झाड उपटण्यासारखं होतं. त्याचे ओठ निळे होत होते. मागे ढोल अजून वाजत होते.

मी अंगावरच्या ठेवणीतल्या कपड्यांसकट पाण्यात उडी मारली.

पाण्याखाली डोळे उघडले. धक्क्याच्या सावलीत त्याचे दोन लांब पांढरे पाय दिसले. आणि त्या पायांच्या तळव्यांना तळवे लावून, खाली डोकं वर पाय असे, आणखी दोन लांब पांढरे पाय. तितकेच मोठे. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा. त्यांच्यावरही करडी विजार होती, गुडघ्यापर्यंत दुमडलेली. गुडघ्यांच्या खाली मला बघायचं नव्हतं, तरी नजर गेली. तिथे वाळू असायला हवी होती. गळ्याएवढं पाणी आहे ते, तिथला तळ मला पाठ आहे. त्या दिवशी तिथे तळ नव्हता. नुसतं खाली खाली निळं होतं, आणि त्यात खूप खोलवर एक चेहरा वर बघत असावा असं मला वाटलं. वाटलं, एवढंच म्हणते.

मी त्या चार तळव्यांच्या मध्ये दोन्ही हात घुसवले, शिंपले उघडताना घुसवतो तसे. मला वाटलं होतं ते पाय गार असतील. ते गार नव्हते. योस्तचे गार होते.

मी जीव खाऊन फाकवलं. काहीतरी सुटलं. योस्तचे पाय माझ्या डोक्यावरून सपकन् वर गेले, आणि मी वर आले तेव्हा तो धक्क्यावर आडवा पडून खोकत, धापा टाकत ओरडत होता, "माझा सूट! भाड्याचा आहे!" मारिसेल त्याला फटाफट मारत होती आणि मुके घेत होती, चारही भाषांत.

माझे पाय वाळूला टेकले. पाणी गळ्याएवढंच होतं.

मग माझ्या कमरेपाशी गुडुप झालं. एक मोठा गोल, मग दुसरा, मग तिसरा. ते माझ्यापासून दूर निघाले, खाडीतून बाहेर, सरळ रांगेत. आधी सावकाश, मग भराभरा, पळणाऱ्या माणसाच्या दमासारखे. वळणावरच्या खुणेच्या काठीपाशी जरा थांबले. मग मोकळ्या समुद्रात गेले.

वऱ्हाडाला वाटलं, पाणबुड्या मित्रांनी नवरानवरीसाठी काही गंमत केली आहे. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पोरांनी हात हलवले. वर्लिनने टोपी काढून छातीशी धरली आणि रांग दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. मिस हेन्नी धक्क्याच्या अगदी टोकावर, आपल्या खोकणाऱ्या मुलाशेजारी उभी होती. डोळ्यांवर हात आडवा धरून ती दूर बघत होती. ती योस्तला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. योस्त हसला आणि पुन्हा खोकला.

मग आम्ही सगळे टेकडीवर परत गेलो. माझ्या ओल्या कपड्यांवर बहिणीने टेबलावरची चादर गुंडाळली. हुदुतू संपलं, बालेआदा संपल्या, आणि शेवटी चीजसुद्धा संपलं.

७

पुढच्या आठवड्यात मारिसेलने त्याला पाण्यात जायला परवानगी दिली. नसती दिली तर तो वाळून गेला असता. मी टपावर बसले, कॉफी न घेता. एक मोठा गोल, बारक्यांची पलटण, शांतता. तो वर आला, काच काढली, अननस मागितला. बोटीच्या मागचं पाणी सपाट होतं. संध्याकाळ होईपर्यंत मी ते बघत राहिले. त्यानंतर तसं कधी काही झालं नाही. दोघं टेकडीवर भाड्याने राहतात, भांडतात, गात असतात. त्या घराच्या चौकटींवरही आता डाग पडलेत.

मिस हेन्नी फेरीने निघाली त्या सकाळी आम्ही तिला पोचवायला गेलो. ती माझ्या गळ्यात पडली, खूप काही बोलली, मीही गारिफुनात खूप काही बोलले, आणि आमचं एकमत झालं. फेरी सुटली. योस्त आपला लांबलचक हात हलवत उभा होता.

"लग्नाच्या दिवशी धक्क्यावर आई तुला काय म्हणाली रे?" मी विचारलं.

"काही नाही, उन्हाने डोकं फिरलं होतं तिचं." तो हात हलवतच होता. "समुद्राकडे बघत होती, आणि म्हणाली, एवढ्या घाईने कुठे निघालाय?"

"कोण?"

"मीही तेच विचारलं." फेरी वळली, त्याने हात खाली घेतला. "म्हणाली, 'तू.'"

मग त्याने पोटावर हात फिरवला.

"केक उरलाय का, सासूबाई?"

उरला होता. घरी येऊन मी त्याला मोठा तुकडा कापून दिला, आणि तो संपेपर्यंत त्याच्यासमोरून हलले नाही.